चीज मिळणार नाही

कोशर डेली म्हणजे ज्यूंचे आहाराचे नियम पाळणारं, मांसाच्या सँडविचचं दुकान. तिच्या मेन्यूवर चीज नसतं. लोणी नाही, क्रीम नाही, सूपवर सोडायला सायीचा थेंब नाही. जेवणानंतर कॉफी मागवली तर सोबत वनस्पती तेलापासून केलेलं 'दूध' येतं. त्याच्या चवीबद्दल न बोललेलं बरं. अमेरिकेत सँडविचमध्ये चीज हवंय का असं सहसा विचारत नाहीत, कुठलं हवंय एवढंच विचारतात. अशा देशात ही दुकानं पिढ्यान्‌पिढ्या केवळ सँडविचवर नाव टिकवून आहेत. जर्सी सिटीत राहायला आल्यापासून मी त्यांच्यातलं सगळ्यात चांगलं सँडविच शोधत हिंडतोय. त्याच्या चवीत चीज नसण्याचा वाटा किती मोठा आहे, हे मात्र उशिरा लक्षात आलं.

नियम तसा एका ओळीचा. ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तोरामध्ये, तीच आज्ञा तीनदा येते: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. या ओळीवर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, जी व्यवस्था उभी केली तिच्यात मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, सुऱ्या वेगळ्या आणि जागा असेल तर मोऱ्याही वेगळ्या. मांस खाल्ल्यावर दुधाचं काही घ्यायला किती थांबायचं तेही ठरलेलं, आणि त्यातही ज्याची त्याची रीत: पूर्व युरोपातून आलेले बहुतेक सहा तास थांबतात, जर्मन ज्यू तीन, डच एकच. आजीचं सोवळं पाहून मोठा झालेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटत नाही. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्या सोवळ्यात माणसांचाही विटाळ व्हायचा. इथे सगळी शिवाशिव भांड्यांपुरती आहे, काउंटरवर कोणीही येऊन बसावं.

आता हाच नियम सँडविचच्या बाजूने बघा. पावाला लोणी लावता येत नाही, वर वितळलेलं चीज पसरता येत नाही. मग स्निग्धपणा आणायचा कुठून? मांसातूनच. त्यात दुसरा एक नियम येऊन मिळतो. तोरातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो आणि मांडीच्या सांध्यावर घाव बसून लंगडतो. तेव्हापासून याकोबचे, म्हणजेच इस्राएलचे, वंशज जनावराच्या मांडीतली ती शीर खात नाहीत. ती शीर आणि तिच्या आसपासची वर्ज्य चरबी नीट काढणं हे मोठं कसबाचं आणि वेळखाऊ काम. अमेरिकेतल्या कोशर धंद्याने सरळ हिशेब केला आणि जनावराचा मागचा भागच बाहेरच्या बाजारात विकायला सुरुवात केली. फिले, सरलॉइन, म्हणजे जे मऊ आणि महाग ते गेलं. हातात उरलं छातीचं ब्रिस्केट, त्याच्यामागचं पोटाकडचं नेव्हल, मान, जीभ. चिवट आणि चरबीदार. हे मांस तव्यावर टाकून दहा मिनिटांत होत नाही. त्याला मीठ लागतं, धूर लागतो, वाफ लागते आणि भरपूर दिवस लागतात.

पास्ट्रामी, म्हणजे मिठात मुरवून, मसाला लावून धुरावलेलं मांस, न्यूयॉर्कला आणली ती रोमानियातल्या ज्यूंनी. तुर्कांचं वाळवलेलं मांस, पास्तिर्मा, ऑटोमन अमलात तिकडे पोचलं होतं, आणि रोमानियातले ज्यू ते गूस या बदकासारख्या मोठ्या पक्ष्याचं करत. अमेरिकेत नेव्हल स्वस्तात मिळायचं, म्हणून तेच त्या मसाल्यात घातलं गेलं. १८८० च्या सुमारास सुरू झालेली स्थलांतरितांची ही वर्दळ १९२४ च्या कायद्याने दारं जवळजवळ बंद होईपर्यंत चालली. तेवढ्या काळात पूर्व युरोपातून वीसेक लाख ज्यू अमेरिकेत आले, आणि त्यांतले कितीतरी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या चाळींत राहिले. गावाकडे ज्यांना मांस शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मिळालं तर मिळालं, ते इथे बुधवारी दुपारीसुद्धा पावात घालून मांस खाऊ लागले. या सँडविचला 'पारंपरिक' म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते. जुन्या गावातल्या एकाही आजीने ते केलेलं नाही. ते न्यूयॉर्कचं आहे, कारखान्यातून सुटलेल्या माणसाच्या भुकेचं.

करण्याची रीत थोडक्यात सांगण्यासारखी नाही, म्हणून जरा ऐसपैस सांगतो. कोशर मांस आधी अर्धा तास पाण्यात भिजवतात, मग जाडं मीठ चोळून तासभर उतारावर निथळत ठेवतात, रक्त निघून जावं म्हणून, आणि मग पुन्हा पुन्हा धुतात. हे झालं फक्त खाण्यायोग्य होण्यापुरतं. पास्ट्रामीचं काम याच्यानंतर सुरू होतं. मीठ, साखर, लसूण, मसाले आणि मांसाचा गुलाबी रंग टिकवणारं नायट्राइट घातलेल्या पाण्यात तो तुकडा मुरत पडतो, कुठे आठवडाभर, कुठे तीन-चार आठवडे. बाहेर काढला की वर भरडलेल्या काळ्या मिऱ्यांचा आणि धण्यांचा जाड थर. हो, धणे. मलबारच्या मिऱ्यांचं एक वेळ ठीक आहे, ते जगभर गेले; पण ते काळं कवच दाताखाली फुटल्यावर जो धण्यांचा वास नाकात भरतो, त्याची मला इथे अपेक्षा नव्हती. मग तासन्‌तास मंद धूर. एवढं करूनही ते मांस दाताला दाद देत नाही. शेवटी त्याला वाफेवर बसवावं लागतं, चिवट धाग्यांमधल्या कोलॅजनचं जिलेटिन होईपर्यंत. तेव्हा कुठे ते थरथरायला लागतं. चरबी वितळून मांसात उतरते, आणि लोण्याचं आणि चीजचं जे काम दुसरीकडे वरून केलं जातं ते इथे आतून झालेलं असतं.

यानंतर सगळं कापणाऱ्याच्या हातात. धाग्यांना आडवं, हाताने, जाडसर कापायचं. मशीनवर कापलेले पातळ पापुद्रे दिसायला नेटके, पण पावात भरेपर्यंत निवतात, आणि निवलेली पास्ट्रामी म्हणजे थिजलेली चरबी. कितीतरी दुकानांत पास्ट्रामी चांगली असते आणि कापणारा वाईट. याच्या उलट मी अजून पाहिलेलं नाही.

कॉर्न्ड बीफ हा तिचा धाकटा भाऊ. बहुधा ब्रिस्केटचं, असंच मुरवलेलं, पण धूर आणि मसाल्याचं कवच वगळून उकडलेलं. त्याचे भक्त पुष्कळ आहेत. मी नाही.

बीफचं इतकं वर्णन वाचून काही वाचक इथवर पोचलेच नसतील, आणि माझ्या घरच्यांपैकी जे पोचले असतील त्यांनी पुढचं वाक्य सोडून द्यावं. मी खातो. लग्नाआधीपासून खातो, लपवून खात नाही आणि कोणाला खा म्हणत नाही. ज्यांना नको त्यांच्यासाठी प्रत्येक डेलीत टर्की असते, कुठे कुठे टर्कीची पास्ट्रामीही. तिच्याबद्दल पुढे बोलणारच आहे, कारण या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग टर्कीशी निगडित आहे.

शोध कॅट्झपासूनच सुरू होतो, सगळ्यांचाच. हाउस्टन आणि लडलो रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं हे दुकान आपलं साल १८८८ सांगतं. दारात एक तिकीट हातात देतात, त्यावर तुम्ही काय काय घेतलं ते खुणावलं जातं आणि ते हरवलं तर दंड बसतो. काउंटरवर रांग. कापणारा तुमच्यासाठी कापता कापता दोन तुकडे बशीत पुढे सरकवतो. त्याने सरकवण्याआधीच एखादी नोट बरणीत टाकलेली असेल तर तुकडे जरा मोठे असतात, असा माझा समज आहे. पास्ट्रामी? शहरातली सगळ्यात चांगली, माझ्या मते. हे मी दबकत सांगत नाही. पण कॅट्झ कोशर नाही. तिथे रूबेन मिळतं, म्हणजे कॉर्न्ड बीफवर स्विस चीज, आणि शनिवारी दुकान ओसंडून वाहत असतं. याला इथे 'कोशर-स्टाइल' म्हणतात: पदार्थ ज्यूंचे, नियम कोणाचेच नाहीत.

मग कोशरचा हट्ट कशाला, असं बायकोने विचारलं होतं. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देता येईल असं वाटतं. कॅट्झमध्ये मी पास्ट्रामी खातो. चांगल्या कोशर डेलीत मी एक अख्खं जेवण जेवतो, ज्यातली प्रत्येक गोष्ट चीज नाही हे गृहीत धरून बसवलेली असते. पाव राय नावाच्या धान्याचा, जरा आंबूस, शहाजिऱ्यासारख्या कॅरवेच्या दाण्यांचा, बाहेरून कडक. ते आंबटपण चरबी कापतं. मोहरी तपकिरी आणि झणझणीत, पिवळी गोडसर नव्हे. बाजूला बशीभर काकड्या, व्हिनेगरमध्ये न घातलेल्या, नुसत्या मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपू टाकून आंबवलेल्या: काही अर्ध्या आंबलेल्या, अजून हिरव्यागार आणि करकरीत, काही पूर्ण आंबून ऑलिव्हच्या रंगाच्या झालेल्या. सोबत डॉ. ब्राउनचा सेल-रे सोडा, सेलरीच्या बियांच्या अर्काचा. पहिल्या घोटाला तो औषध वाटतो, चौथ्या घोटाला त्याच्याशिवाय पास्ट्रामी अधुरी वाटते. यात कुठेही चीजचा तुकडा घातला तर सगळं बसकण मारतं. मी घरी करून पाहिलंय. आंबट, तिखट, खारट आणि स्निग्ध यांचा जो तोल असतो त्यावर एक जाड गोधडी पडते.

मेयोनेजचं वेगळंच आहे. त्यात दूध नसतं, अंडं आणि तेल, त्यामुळे धर्माची आडकाठी काहीच नाही. तरी पास्ट्रामीवर मेयो मागून बघा. काउंटरपलीकडची नजर कुठल्याही ग्रंथात सांगितलेली नसते.

मला हवं ते सँडविच मिळालं सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेलीत, जी आता सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर नाही. एब लेबवोल नावाचा माणूस, जन्म आताच्या युक्रेनमधल्या लव्हीवजवळचा, युद्धातून वाचून १९५० मध्ये अमेरिकेला आला. काउंटरमागे राहून धंदा शिकला आणि १९५४ मध्ये दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याने एक छोटं उपाहारगृह घेतलं. सेकंड अ‍ॅव्हेन्यू हा एके काळी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, रंगभूमीचा रस्ता. त्या नटनट्यांची नावं त्याने दुकानाबाहेरच्या फुटपाथवर कोरून घेतली. मार्च १९९६ मध्ये बँकेत पैसे भरायला जात असताना त्याचा खून झाला. मारेकरी अजून सापडलेला नाही. भावाने दुकान चालवलं, मग भाड्यावरून मालकाशी फिसकटलं आणि २००६ च्या सुरुवातीला ते बंद झालं. त्या जागी बँकेची शाखा आली. २००७ च्या डिसेंबरात पुतण्याने पूर्वेकडच्या तेहतिसाव्या रस्त्यावर, लेक्सिंग्टन आणि थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या मध्ये, ते पुन्हा उघडलं, जुनं नाव तसंच ठेवून. जर्सी सिटीहून मॅनहॅटनला येणारी माझी पाथची गाडी तेहतिसाव्या रस्त्यावरच संपते. सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवरून पूर्वेला सरळ चालत सुटलं की दुकान येतं, आणि भूक लागायला तेवढं अंतर बरोबर पुरतं.

तिथे मी बहुतेक वेळा ठाण्याच्या मावशींबरोबर जातो. क्वीन्समध्ये लेकीकडे राहतात. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ओळख झाली. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. ज्यांना हे नाव ऐकून माहीत नाही त्यांच्यासाठी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आम्ही वंशज, असं हे लोक सांगतात. तेलाच्या घाण्यावर काम करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून, पेणकर, किहीमकर, नवगावकर. बोली आपलीच. मावशी ठाण्याच्या १८७९ च्या सिनेगॉगच्या परिसरात वाढल्या. तिथले हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, कोंबडी कापून देत आणि ती घेऊन घरी पळत येण्याचं काम लहानपणी त्यांच्याकडे होतं.

मला वाटलं होतं की कोशर डेली म्हणजे मावशींचं घरच. पहिल्यांदा त्यांनी मेन्यू उलटसुलट पाहिला आणि टर्की मागवली. मी पास्ट्रामी. वेटरने बश्या आणल्या आणि मावशींकडे बघून पास्ट्रामी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"तुम्हाला तर चालतं ना?" मी विचारलं.

"चालतं रे. पण आईने कधी घरात आणलं नाही. शेजारीपाजारी सगळे हिंदू. त्यांच्या मनाला लागेल असं कशाला करायचं? मग सवयच राहिली नाही."

त्या दुकानातल्या प्रत्येक नियमाचं पालन करणारी बाई तिथला सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ खात नव्हती, कोकणातल्या शेजाऱ्यांसाठी, जे आता बहुतेक हयातही नाहीत. आणि त्याच शेजाऱ्यांच्या पोटचा मी समोर बसून बोटं चाटत होतो. मावशींना यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना विशेष वाटलं ते धण्यांचं. माझ्या सँडविचवरचं कवच नखाने उचलून त्यांनी फक्त हुंगलं. "भाजलेत का रे?" मला सांगता आलं नाही.

मटणाबरोबर दूध नाही, या नियमाने त्यांच्या घरी काय केलं असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, काय करणार, नारळ. दह्याची गरजच कधी पडली नाही. मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध, सणाच्या गोडालाही नारळाचं दूध, म्हणजे जेवणानंतर खायला मोकळे. मी मनातल्या मनात तेहतिसाव्या रस्त्यावरच्या त्या कॉफीत नारळाचं दूध घालून पाहिलं. या दुकानवाल्यांना कोणीतरी रायगड जिल्ह्यात पाठवायला हवं.

कोशरमध्येही पायऱ्या असतात, हे मला मावशींच्या जावयाने शिकवलं. सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेलीवर धर्माची देखरेख आहे, पण ती शनिवारीही उघडी असते. मावशींना ते चालतं. जावयाला चालत नाही. शब्बाथला गल्ला चालू ठेवणाऱ्याची देखरेख त्याला पुरेशी वाटत नाही. त्याला ग्लाट हवं, म्हणजे जनावराच्या फुप्फुसावर डाग-चिकटे नसल्याची खात्री केलेलं. तो ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्गला जातो, जिथे शुक्रवारी दुपारनंतर रस्त्याला रस्ता बंद होतो. त्याच्यासोबत एकदा गेलो. काळे कोट, यिडिश, वाफेने धुरकटलेली काच. सँडविच चांगलं होतं, जरा कोरडं. मी ते बोललो नाही. तो बोलला: "कोरडं आहे, पण झोप लागते." मला हे उत्तर आवडलं. त्याच्यासाठी चव तिथून सुरू होते.

सॅंडविचच्या उंचीचं वेड मला मुळीच कळत नाही. अर्धा-पाऊण पौंड मांसाचा मनोरा रचतात, जबडा उघडत नाही, पहिल्या घासाला पाव फाटतो आणि उरलेलं काट्याने खावं लागतं. चांगलं सँडविच शेवटच्या घासापर्यंत सँडविच राहायला हवं. दोघांत एक मागवा, जादा पाव मागून घ्या, आणि 'लीन' हा शब्द तोंडातून काढू नका. इतकं सगळं चरबीसाठी केलेलं असतं.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये दीड हजारांवर कोशर डेली होत्या असं सांगतात. आज मोजायला हाताच्या बोटांबरोबर फार तर पायाची लागतील. कारणं काही गूढ नाहीत. गिऱ्हाईक उपनगरांत गेलं, डॉक्टरांनी चरबी आणि मीठ बंद केलं, भाडी वाढली, आणि मालकांची मुलं डॉक्टर-वकील झाली, ज्यासाठी तर बाप काउंटरमागे उभा राहिला होता. कोशर मांस मुळातच महाग, त्यात शिजताना वजन निम्म्याच्या आसपास घटतं. आता एका सँडविचला पंचवीस डॉलरच्या वर पडतात आणि दुकानदार तरीही रडतो. खोटं रडत नसावा. क्वीन्समध्ये रेगो पार्कला बेन्स बेस्ट नावाची जुनी डेली होती, मावशींच्या लेकीच्या घरापासून जवळ. ती २०१८ मध्ये बंद झाली.

ब्रॉन्क्समध्ये रिव्हरडेलला मात्र लीबमन्स आहे, १९५३ पासून. तिथे मावशींना घेऊन जायचं ठरतंय, पण प्रवास लांबचा, क्वीन्सहून मॅनहॅटन आणि मग पुन्हा उत्तरेला जवळजवळ शहर संपेपर्यंत. गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी विचारलं, "तिथे टर्की तरी बरी असते का?" मी म्हटलं, विचारून सांगतो. "आणि धणे भाजतात का तेही विचार," त्या म्हणाल्या.